न मारलेली हाक

रीस ट्रेगेन्झाला मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबाने निवडलं तेव्हा त्याच्या गावात, मिनलाटनमध्ये, श्रेय घ्यायला रांग लागली. शाळेचा खेळाचा मास्तर म्हणाला, उडी मारायला मीच शिकवलं. खाटीक म्हणाला, माझ्याकडचे चॉप्स खाऊनच तो एवढा उंच झालाय. मैदानावरचं कॅन्टीन चालवणारी त्याची आई लिनेट कुणाला काही बोलली नाही, फक्त त्या शनिवारी तिने पेस्टींमध्ये, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्यांमध्ये, सारण जरा सढळ हाताने भरलं. बाप, डग, धान्याच्या कोठारावर कामाला होता. पोराला विमानतळावर सोडताना त्याने दोनच वाक्यं खर्च केली. "ज्यांच्याकडे राहशील त्यांच्या घरात काम करत जा. आणि फोन आईला कर, मला नको, मला फोनवर सुचत नाही."

नवीन पोरांना पहिलं वर्ष कुणाच्या तरी घरी ठेवायची क्लबची पद्धत होती. रीस मेलबर्नमधल्या कोबर्गला मार्टी कॉस्टिगनकडे राहायला गेला. मार्टी क्लबच्या बचावफळीतला जुना गडी होता. दोनदा मोडलेलं नाक, डाव्या भुवईवर टाके, आणि मैदानावर असं काही अंग झोकून द्यायचा की समोरची टीमसुद्धा त्याच्याबद्दल आदराने बोलायची. बायको ब्रॉन नर्स होती. मुलगी टिली सहा वर्षांची. वर्ष संपलं तेव्हा रीसने बॅग भरायला घेतली, तर ब्रॉन म्हणाली, "कुठे निघालास? टिलीला शाळेत कोण सोडणार मग?" तो राहिला.

रोज संध्याकाळी मागच्या अंगणात मार्टी त्याला धडे द्यायचा. लिंबाच्या झाडाखाली उभा राहून बॉल उंच मारायचा आणि ओरडायचा, "वर बघ! वरच बघ! माझं थोबाड काय बघतोस, मी काय एवढा देखणा आहे?" एक नियम त्याने रीसच्या डोक्यात पक्का बसवला होता. दोघं एकाच बॉलकडे पळत असतील तर जो 'माझा' म्हणून हाक देईल, बॉल त्याचा. दुसऱ्याने मध्ये यायचं नाही.

"आणि दोघांनीही हाक नाही दिली तर?" रीसने एकदा विचारलं.

"तर ज्याचा आहे त्याने जायचं. ते ज्याचं त्याला कळतं."

पुढच्या हिवाळ्यात रीस मुख्य संघात आला. पहिल्या मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये घरच्या माणसाच्या हातून जर्सी द्यायची रीत होती. डग आणि लिनेट गाडी हाकत मेलबर्नला आले. सगळी टीम गोल करून उभी राहिली आणि डगने जर्सी हातात धरून बराच वेळ घसा खाकरला. शेवटी म्हणाला, "मला भाषण येत नाही. घे बाबा." अख्खी खोली हसली, टाळ्या पडल्या, आणि मार्टीने डगच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

पहिल्या चार मॅच झकास गेल्या. पेपरात फोटो आला. पाचवी मॅच शनिवारी दुपारी होती.

तिसरा क्वार्टर संपत आला असताना समोरच्यांनी बॉल उंच आणि लांब मारला. तो रीसच्या डोक्यावरून मागे चालला होता. असा बॉल धरायचा म्हणजे आभाळाकडे डोळे लावून, बॉल जातो त्याच दिशेने पळत सुटायचं. पुढून कोण येतंय ते बघायचं नाही. या खेळात माणसाची पारख त्या चार-पाच ढांगांत होते. रीस सुटला. बॉल त्याचा होता, इतर कुणाचाही नव्हता. हात वर गेले. आणि तेवढ्यात त्याला पावलं ऐकू आली. समोरून कुणीतरी धिप्पाड गडी भरधाव येत होता. रीसच्या पायांनी त्याला न विचारताच एक पाऊल आखूड टाकलं. खांदा किंचित वळला. झालं ते एवढंच.

रिकाम्या झालेल्या त्या जागेत बाजूने मार्टी घुसला. त्याने बॉलला हात लावला, आणि समोरून येणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मार्टीने पडताना हातसुद्धा पुढे केले नाहीत. रीस दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मार्टीची बोटं गवतावर आपोआप वळत होती, उघडत होती, ते त्याला दिसत होतं. डॉक्टर धावत आले, स्ट्रेचर आलं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर बचावफळीचा कोच रीसजवळ येऊन बसला. रागावलेला नव्हता, नुसतं विचारत होता. "तो बॉल तुझा होता ना रे? काय झालं?"

रीसने तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मार्टीने हाक दिली. 'माझा' म्हणाला. म्हणून मी बाजूला झालो."

"अस्सं होय," कोच म्हणाला आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटून उठला. "मग बरोबरच केलंस तू."

रीस बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसला. सोमवारी खरं सांगू, असं त्याने ठरवलं. आज मार्टीचं काय होतंय ते महत्त्वाचं.

सोमवारी मुख्य कोच विन्स डी पाओलीने सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. या बैठकीला सगळे टरकून असायचे. गेल्या वर्षी एका पोराचं असंच आखूड पाऊल विन्सने एकदा, दोनदा, तीनदा दाखवलं होतं, एक शब्दही न बोलता. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर त्या पोराच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहायची. मोसम संपल्यावर तो घरी गेला तो परत आला नाही.

विन्सने चित्र थांबवलं. पडद्यावर रीसचा खांदा वळलेला, चेहरा बाजूला.

"रीस. बोल."

"मार्टीची हाक होती."

"नक्की?"

"हो."

विन्सने बाकीच्यांकडे पाहिलं. "आणखी कुणी ऐकली?"

मग मागच्या रांगेतून कोस्टा नावाचा पोरगा म्हणाला, "गोंगाट खूप होता, पण... मला वाटतं काहीतरी ऐकू आलं होतं." कोस्टा मनाने चांगला होता. त्याला कुणाला अडचणीत बघवत नसे.

"ठीक आहे," विन्स म्हणाला आणि चित्र पुढे सरकलं.

रीसच्या कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. आता सांगायचं म्हणजे कोस्टालाही खोटं पाडायचं. एका वाक्याला आता दोन माणसं बांधली गेली होती.

मार्टी घरी आला तो काळा चष्मा लावून. त्याला उजेड सहन होत नव्हता. मॅचमधलं काहीच आठवत नव्हतं. त्या दिवशी सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते आठवत होतं, त्यानंतर सगळा कोरा कागद. मागच्या पायरीवर तो बसला होता, रीस दोरीवरचे कपडे काढत होता.

"विन्सने सांगितलं मला," मार्टी म्हणाला. शब्द शोधून शोधून बोलत होता. "तुझा बॉल होता आणि हाक मी दिली म्हणे. माफ कर रे. म्हातारा झालो, हाव सुटत नाही."

रीसच्या हातात टिलीचा ओला मोजा होता. "त्यात काय," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात ब्रॉनने खण एवढ्या जोरात लावला की आतले चमचे खणखणले.

मार्टी आणि ब्रॉन एकमेकांशी का बोलत नाहीत, हे रीसला दोन दिवसांनी समजलं. भिंती लाकडाच्या होत्या, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येई. मार्टीला आधी दोनदा डोक्याला मार बसला होता. या मोसमाच्या सुरुवातीला त्याने ब्रॉनला शब्द दिला होता, हे शेवटचं वर्ष, दुसऱ्याच्या बॉलवर मी झेप घेणार नाही.

"तुझा असता तर मी काही बोलले असते का?" ब्रॉनचा आवाज दबलेला होता. "तुझं काम आहे ते. पण त्या पोराचा बॉल, मार्टी. तो जात होता ना? तू हाक मारून घेतलास. टिलीचा विचार आला नाही तुझ्या मनात?"

"आठवत नाही गं मला."

"हो. तेच ना."

रीस उशीत तोंड घालून पडला. उठून चार पावलं चाललं की दार होतं. तो उठला नाही.

दिवस गेले. मार्टी बरा होईना. टिली घरात मोजे घालून चवड्यांवर चालायची आणि कुजबुजत बोलायची. मार्टी कधी केटलकडे बोट दाखवून थांबायचा, त्याला तो शब्दच सापडायचा नाही. गाडी चालवायची बंदी होती, म्हणून तपासणीला रीसच घेऊन जायचा. भांडी घासायचा, गवत कापायचा, टिलीच्या वेण्यासुद्धा घालायला शिकला. ब्रॉन म्हणायची, "तू नसतास तर मी काय केलं असतं रे." तेव्हा त्याला तिच्याकडे बघवायचं नाही.

आणि मैदानावर भलतंच झालं. तो वेड्यासारखा खेळायला लागला. जिथे घुसू नये तिथे घुसायचा. बरगडीला तडा गेला तरी बाहेर आला नाही. ते धैर्य नव्हतं. आपल्याला काहीतरी लागावं, मोडावं, अशी त्याची इच्छा होती. पण टीव्हीवरच्या माणसाला हे कसं कळावं? तो म्हणाला, मार्टी कॉस्टिगनची जागा घ्यायला हा निधड्या छातीचा पोरगा तयार झालाय. घरी मार्टी आवाज बंद करून, काळा चष्मा लावून मॅच बघायचा आणि रीस परतला की म्हणायचा, "अरे, जरा जपून. एका घरात एकच येडा पुरे."

मोसमाच्या मधल्या सुट्टीच्या आठवड्यात रीस मिनलाटनला गेला. आईने त्याचा पेपरातला फोटो कॅन्टीनमध्ये काचेच्या चौकटीत लावला होता. लोक हात मिळवायला येत होते. धाकटी बहीण टेस नेटबॉल खेळून आली होती, घामाघूम, गुडघा सोललेला. ती त्याला ओढत नेऊन गाडीच्या मागच्या फळीवर बसली.

"घाबरलास ना तू?" तिने सरळच विचारलं.

"कधी?"

"कधी म्हणे. मार्टीला लागलं तेव्हा."

"त्याने हाक दिली होती."

"रीस, मला चालता येत नव्हतं तेव्हापासून मी तुझ्याबरोबर खेळतेय. बॉल डोक्यावरून गेला की तुझा खांदा असा वळतो. बाकीच्यांना सांग तुझ्या हाका."

"तुला काय कळतं गं, नेटबॉलवाली!"

टेसने खांदे उडवले. "बरं. मी कुणाला बोलणार नाही. जा आता, आईने लावलेल्या फोटोखाली उभा राहून पेस्टी खा. गोड लागेल."

पेस्टी त्याने तशीच ठेवली. आईला म्हणाला, बरगडी दुखतेय.

तो मेलबर्नला परतला त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या मंडळाने मार्टीला सांगितलं की आता पुन्हा मैदानात उतरायचं नाही. क्लबने पत्रकारांना बोलावलं. सगळी टीम क्लबचे शर्ट घालून मार्टीच्या मागे उभी राहिली. ब्रॉन कडेला होती, टिलीचा हात धरून.

मार्टीने कागद लिहून आणला होता, कारण त्याला मध्येच शब्द सापडत नसत. आभार झाले. मग त्याने कागद बाजूला ठेवला.

"अजून एक. त्या पोरावर इंटरनेटवर लोकांनी नको नको ते लिहिलंय. पाऊल मागे घेतलं म्हणे. ऐका. हाक मी दिली होती. चूक माझी. रीसने नियम पाळला. परत कुणी त्याला भेकड म्हटलं तर मला येऊन भेटा." आणि हसून म्हणाला, "हळू आवाजात मात्र."

पत्रकार हसले. कॅमेरे रीसकडे वळले. शेजारच्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. ब्रॉन जमिनीकडे बघत होती. सगळ्यांनी आपल्याकडे बघू नये म्हणून रीसने मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या फोटोखाली छापून आलं, 'साथीदाराच्या निरोपाने हेलावलेला तरुण'.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो मार्टीला तपासणीहून परत आणत होता. भर दुपार होती, रस्त्याला ट्रामची गर्दी. मार्टी खिडकीला डोकं टेकून बसला होता.

"मी रोज प्रयत्न करतो," मार्टी म्हणाला. "डोळे मिटून पडतो आणि माझाच आवाज ऐकायचा प्रयत्न करतो. 'माझा' म्हणतानाचा. डॉक्टर म्हणतात, येणार नाही परत. पण मला ऐकायचाय रे तो. ज्या हाकेपायी सगळं गेलं ती ऐकायला तरी मिळावी की नाही? एवढी कसली घाई होती मला?"

रीसने गाडी कडेला घेतली. मागच्याने हॉर्न वाजवला. त्याने इंजिन बंद केलं, हात चाकावर तसेच ठेवले.

"तू हाक दिली नव्हतीस."

"काय?"

"हाक नव्हतीच. माझा बॉल होता. मला पावलं ऐकू आली आणि मी थांबलो. घाबरलो. तू माझ्याकरता आत आलास. मग त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

मार्टीने चष्मा काढला. उजेडाने त्याचे डोळे बारीक झाले, पाणी आलं, पण त्याने चष्मा परत लावला नाही.

"पुन्हा सांग."

रीसने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते आणखी जड गेलं.

मार्टी दार उघडून उतरला आणि फुटपाथवरून चालायला लागला. त्याचा तोल जात होता, एका हाताने तो दुकानांच्या भिंतींचा आधार घेत होता. रीस गाडी तशीच सोडून मागे धावला. ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर मार्टी बसला. रीस समोर उभा राहिला, बसायची त्याची हिंमत झाली नाही.

"घाबरलास," मार्टी म्हणाला. "त्याचं काय एवढं. मी पहिल्या वर्षी ओकायचो मॅचच्या आधी. ते मी तुला माफ केलं असतं, तिथल्या तिथे. मी नाहीतरी आत आलोच असतो." त्याचा आवाज चढला आणि त्याने कपाळ दाबून धरलं. "पण मी माझ्या बायकोची माफी मागत होतो. रोज. जे केलं नाही त्याची. आणि तू शेजारी बसून बटाटे वाढून घेत होतास."

रीस ट्रामच्या रुळांकडे बघत राहिला.

"कॅमेऱ्यासमोर बोलायला लावलंस मला."

"मी सगळ्यांना सांगतो. पेपरवाल्यांनाही सांगतो. आजच."

"नाही," मार्टी म्हणाला. "पेपरात नाही. तिथे रडलास की लोक म्हणतील, वा, काय प्रामाणिक पोरगा. तुझी सोय होईल ती. ब्रॉनला सांग. विन्सला सांग. पोरांना सांग. बाहेर चूक माझ्या नावावर आहे तशीच राहू दे, आणि तू ते बघत जा."

ब्रॉनला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. ती कामावरून आली होती, अजून गणवेशातच होती. तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. तिने आरडाओरडा केला नाही. वळून ती मार्टीच्या खुर्चीजवळ गेली, त्याच्या केसांवर हात ठेवून तशीच उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मार्टीने तिचा हात धरला. त्या खोलीत आपण असायला नको, एवढं रीसला कळलं.

थोड्या वेळाने ती त्याच्या खोलीच्या दारात आली. "तू जा इथून. मला राग आला म्हणून नाही म्हणत, म्हणजे राग आलाच आहे. पण मला तुझ्यासमोर जेवायला बसता येणार नाही."

त्याने बॅग भरली. टिली शाळेत होती, ते एक बरं झालं.

क्लबात त्याने सगळ्या टीमसमोर उभं राहून सांगितलं. विन्सने मध्ये एकदाही अडवलं नाही. कोस्टा मागच्या रांगेत लालबुंद होऊन म्हणाला, "मी खरंच ऐकलं असं वाटलं होतं मला," आणि कुणीतरी त्याला गप्प बस म्हणालं. विन्सने शेवटी एवढंच म्हटलं, "हा मोसम तू राखीव संघात. पुढचं पुढे." त्या दिवशी जेवताना रीसच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. त्यानेही कुणाची वाट पाहिली नाही.

घरी फोन केला तो त्याने वडिलांना केला, आईला नाही. डगने ऐकून घेतलं.

"आईला मी सांगतो," डग म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी राखीव संघाची मॅच उपनगरातल्या एका मैदानावर होती. वारा सुटला होता, बघायला जेमतेम मूठभर लोक आणि त्यांची कुत्री. रीस बरा खेळला नाही, वाईटही नाही. मॅच संपून कुंपणाकडे आला तर तिथे डग उभा, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मिनलाटनहून एकटाच गाडी चालवत आला होता, वाटेत गाडीतच झोपला होता.

दोघं गाडीत बसले. डगने चिप्सची पुडी मध्ये ठेवली. काचांवर वाफ धरली.

"मला लाज वाटली," डग समोर बघत म्हणाला. "खोटं कशाला बोलू. कोठारावर लोक विचारतात पोरगा कसा आहे, तर मी ट्रकच्या मागे जाऊन उभा राहतो. तुझ्या आईने तो फोटो काढला नाही भिंतीवरून. म्हणाली, असू दे, फोटो काय खोटा नाही. मला मात्र त्याच्याकडे बघवत नाही अजून."

"मग आलास कशाला?" रीस म्हणाला.

"मग काय, तिकडे बसून लाजू?" डगने एक चिप उचलली, परत ठेवली. "चल. कॉस्टिगनांचं घर दाखव मला."

"बाबा, नको. ते दार उघडणार नाहीत."

"नाही उघडलं तर नाही. त्यांनी माझं पोर दीड वर्ष सांभाळलं. मी तोंड लपवून जाऊ का परत?"

कोबर्गला त्या घरासमोर गाडी थांबली. डगने मागच्या सीटवरून लिनेटने दिलेला फ्रूटकेकचा डबा घेतला, टोपी काढली आणि एकटाच फाटकातून आत गेला. रीस गाडीत बसून राहिला. ब्रॉनने दार उघडलेलं त्याला दिसलं. शब्द ऐकू येत नव्हते. फक्त एवढं दिसत होतं की त्याचा बाप, ज्याला फोनवरसुद्धा चार वाक्यं सुचत नाहीत, डबा छातीशी धरून बोलतोय, थांबतोय, परत बोलतोय, आणि त्याचं टक्कल पडलेलं डोकं खाली खाली जातंय.

मैदानावर, क्लबात, ट्रामच्या थांब्यावर रीसला जेवढी लाज वाटली होती ती सगळी याच्यापुढे काहीच नव्हती. त्याला बघवेना. तो उतरला, फाटकातून आत गेला आणि बापाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"...आमच्याकडे असं शिकवलं नव्हतं त्याला, मिसेस कॉस्टिगन," डग म्हणत होता. "पण आमचाच आहे तो. म्हणून तुमची माफी मागायला मी आलो."

ब्रॉनने डबा घेतला. तिचे डोळे सुजलेले होते, की थकलेले, सांगता आलं नसतं. "आत या तुम्ही," ती डगला म्हणाली. "मार्टी जागा आहे." मग रीसकडे पाहिलं. "टिली रोज विचारते, रीस कुठे गेला. मी आजवर तिला थापा मारल्या. मला कंटाळा आलाय त्याचा. ये, तूच सांग."

आत पडदे अर्धे उघडे होते. मार्टीने डगला समोरची खुर्ची दिली. रीसकडे तो वळला नाही. टिली जमिनीवर चित्र रंगवत होती. तिने मान वर केली आणि विसरून मोठ्याने ओरडली, "कुठे होतास तू?" आणि लगेच तोंडावर हात ठेवून बापाकडे बघितलं.

रीस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "मी खोटं बोललो, टिली. म्हणून मला जावं लागलं."

"कुणाशी?"

"तुझ्या बाबाशी. आईशी पण. सगळ्यांशी."

टिलीने विचार केला. "मोठं खोटं?"

"खूप मोठं."

"मग तुला शिक्षा झाली? खोलीत बसायची?"

"हो. तसंच काहीसं."

"मग संपली का?"

रीसने ब्रॉनकडे पाहिलं. ती केक कापत होती, तिने वर बघितलं नाही. स्वयंपाकघरात केटल वाजायला लागली.

"नाही संपली अजून," मार्टी म्हणाला. रीसला नव्हे, टिलीला. मग तो डगकडे वळला. "तुमच्याकडे पाऊस कसा आहे यंदा? बार्ली उगवली का?"

"उशिराच झाला पाऊस," डग म्हणाला. "पण उगवलीय."

ते दोघं बार्लीबद्दल बोलत राहिले. ब्रॉनने चहाचे कप मांडले. तिचा हात कपाटापाशी क्षणभर थांबला, मग तिने आणखी एक कप काढला आणि काही न बोलता रीसजवळ जमिनीवर ठेवला. टिलीने त्याच्या हातात हिरवा खडू दिला आणि म्हणाली, "हे गवत तू रंगव. रेघेच्या बाहेर जाऊ नकोस." तो खाली वाकून गवत रंगवायला लागला, कारण मान वर करून त्या खोलीतल्या कुणाकडेही बघण्याचं बळ त्याच्यात नव्हतं.